नव्या नगरसेवकांना खुले पत्र : डॉल्फिनच्या आधी नळाकडे बघा

प्रति,
महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपरिषदांचे नवे नगरसेवक व नगरसेविका

विषय : आपल्या प्रभागातल्या पुढच्या ‘सुशोभीकरणा’बाबत

सप्रेम नमस्कार.

निवडून आल्याबद्दल अभिनंदन. गुलाल धुऊन झाला असेल, फ्लेक्स मात्र अजून लटकत असतील. आता आज ना उद्या तुमच्यासमोर एक फाइल येईल. वर लिहिलेलं असेल, ‘प्रभाग क्रमांक अमुक येथील चौकाचे सुशोभीकरण करणे’. आत एक रंगीत थ्रीडी चित्र. त्यात कारंजं, कारंज्यातून उडी मारणारे दोन फायबरचे डॉल्फिन, मागे ‘आय लव्ह’ आणि पुढे तुमच्या गावाचं नाव. गाव समुद्रापासून तीनशे किलोमीटर आत असलं तरी डॉल्फिन असतातच. चौकात फिरणारी माणसं कॉम्प्युटरनं टाकलेली असतात : उंच, सडपातळ, आणि एकाच्याही हातात भाजीची पिशवी नाही. त्या फाइलवर सही करण्याआधी हे पत्र वाचावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

मी चित्रकलेचा शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवणं हे माझं काम. ‘सार्वजनिक नळावरील दृश्य’ हा स्मरणचित्राचा आमचा ठेवणीतला विषय आहे. मुलं तो झकास काढतात. रांग, भांडण, कडेवरचं मूल, सांडलेलं पाणी, त्यात बसलेलं कुत्रं, काही सांगावं लागत नाही. कारण ते त्यांनी पाहिलेलं असतं. पालिकेच्या सुशोभीकरणाला मात्र हा नळ कधी दिसत नाही. नळ पाणीपुरवठा खात्याचा, डॉल्फिन उद्यान खात्याचा, आणि दोन खात्यांची गाठ पडत नाही.

ही गाठ एका शिल्पकारानं पाडून दाखवली आहे. त्यांची ओळख करून देतो.

नवजोत अल्ताफ. जन्म १९४९ चा, मेरठचा. शिक्षण आपल्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात, आणि पुढचं बरंचसं आयुष्यही मुंबईतच. म्हणजे हा दाखला काही साता समुद्रापलीकडचा नाही. सत्तरच्या दशकात त्या आणि त्यांचे पती, चित्रकार अल्ताफ, ‘प्रोयोम’ या डाव्या विचारांच्या युवक गटात होते. पोस्टर काढणं हे त्या काळातलं त्यांचं काम. पुढे चित्रांकडून शिल्पाकडे आणि मांडणशिल्पाकडे, म्हणजे इन्स्टॉलेशनकडे, वळल्या. १९९२-९३ च्या दंगलींनी मुंबई उसवली, तेव्हा त्यांनी त्या जखमेवर मांडणशिल्प केलं, तेही एकटीनं नाही, इतरांना सोबत घेऊन. इथवरची गोष्ट तशी गॅलरीतली. गॅलरीला येणारे मोजके, त्यातही बोलणारे त्याहून मोजके. तुमच्या कामाची गोष्ट सुरू होते ती १९९७ मध्ये, बस्तरात.

बस्तर म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या पलीकडचा मुलूख. तेव्हा छत्तीसगड राज्यही झालं नव्हतं, बस्तर मध्य प्रदेशात होतं. त्यातलं कोंडागाव हे कारागिरांचं गाव. मेणाच्या साच्यातून पितळ ओतणारे घडवे, लोखंड ठोकून हरणं-माणसं घडवणारे लोहार, लाकूड कोरणारे. नवजोत तिथे गेल्या त्या काही वाटायला नव्हे, शेजारी बसून काम करायला. जयदेव बघेल या नामवंत धातुशिल्पीच्या शिल्पीग्राममध्ये त्यांनी आणि तिथल्या कलाकारांनी एका आवारात आपापलं काम केलं. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं अनुदान सुरुवातीला पाठीशी होतं. मुंबईची बाई डिझाइन देणार आणि गावातले हात ते घडवणार, हा शिरस्ता त्यांना मोडायचा होता. कारागिराला नगावर मजुरी आणि डिझायनरला नाव, ही आपल्याकडची जुनी वाटणी. राजकुमार, शांतीबाई, गेसूराम ही नावं नवजोत यांच्या कामासोबत सतत येतात, ती या हट्टापोटी. त्यातल्या शांतीबाई लाकडात काम करतात. लाकूड कोरणं हे पुरुषाचं काम, असं मानणाऱ्या भागात हे कमी धाडसाचं नाही.

वर्ष-दोन वर्षांची भेट म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण वाढत वाढत दशकांवर गेलं. पुढे या मंडळींनी मिळून कोंडागावात ‘डायलॉग इंटरॅक्टिव्ह आर्टिस्ट्स असोसिएशन’ अशी संस्था उभी केली. आणि मग प्रश्न आला : आपण एकत्र काम करतो हे ठीक, पण गावाला त्याचं काय?

उत्तर त्यांना हापशावर सापडलं.

भरलेला हंडा डोक्यावर कसा जातो, हे तुमच्यातल्या कित्येक जणींना मी सांगायला नको. भावांसाठी सांगतो. हंडा काठोकाठ भरला की बाई वाकते, दोन्ही हातांनी काठ धरून तो गुडघ्यापर्यंत आणते. मांडीला टेकवून क्षणभर दम. मग एक हिसका, तो कमरेपर्यंत. कमरेपासून डोक्यावरच्या चुंबळीपर्यंतचा शेवटचा टप्पा सगळ्यात वाईट. तो एकटीला झेपत नाही म्हणून ‘हात लाव गं’ अशी हाक जाते. हात लावायला कुणी नसेल तर मानेला हिसका ठरलेला. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो, वर भांड्याचं वजन. आणि हे सगळं कुठे, तर हापशाखालच्या शेवाळलेल्या, निसरड्या ओट्यावर, सांडपाण्याच्या डबक्यात पाय ठेवून. पाण्याला जाणाऱ्यांत शाळकरी पोरीही असतात. सरकारी ओटा बांधणाऱ्याला हे माहीत नसतं असं नाही. त्याच्या मापात हे बसत नाही, इतकंच. त्याच्या मापात सिमेंटच्या गोण्या बसतात.

कोंडागावच्या परिसरात नवजोत आणि त्यांच्या साथीदारांनी हापशांभोवती जी शिल्पस्थळं उभी केली, त्यांना ‘नलपार’ म्हणतात. त्यांची रचना या हिसक्यापासून सुरू होते. हापशाभोवती भिंत, आणि भिंतीत उंचीचा विचार करून केलेल्या जागा : हंडा आधी तिथे टेकवायचा, आणि तिथून खांद्यावर किंवा डोक्यावर घ्यायचा. सांडलेल्या पाण्याला वाट, म्हणजे डबकं साचत नाही. आणि त्याच भिंती शिल्पही आहेत. त्यांना घाट आहे, त्यांच्यावर तिथल्या लोकांच्या जगण्यातल्या, श्रद्धेतल्या आकृती आहेत. सोय एकीकडे आणि सजावट दुसरीकडे, असा जोडकारभार नाही. ज्या भिंतीवर आकृती आहे, तीच भिंत हंडा पेलते.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते भिंत उभी राहण्याआधीचं. कुठला हापसा घ्यायचा, भिंत कुठल्या बाजूनं उघडी ठेवायची, कोनाडा किती उंच, हे ठरलं ते बैठकांमधून आणि कार्यशाळांमधून. त्यात बाया होत्या, पुरुष होते, आदिवासी होते, बिगरआदिवासी होते. बस्तरातल्या गावात ही माणसं एका जागी बसून एका गोष्टीवर बोलतात, हेच रोजचं दृश्य नव्हे. पाणी भरणं बायकांचं काम, त्यामुळे या एका विषयात जाणकार त्याच, आणि पुरुषांना ऐकून घ्यावं लागतं. शिवाय हापसा ही बायकांना चार घटका एकमेकींशी बोलायला मिळते अशी हक्काची जागा. तिथे थांबायला बरं वाटावं, बसता यावं, पोरांना खेळता यावं, हाही रचनेचा भाग झाला. कलासमीक्षक ग्रँट केस्टर यांनी या कामाची दखल घेऊन जगभरातल्या अशा संवादी कलाप्रयोगांच्या पंक्तीत ते मांडलं. त्यांचंही लक्ष भिंतीपेक्षा या बोलण्यावर जास्त आहे.

नलपारच्या जोडीला ‘पिल्ला गुडी’ही झाल्या. मुलांची देवळं म्हणा ना. त्यात मूर्ती नाही, पुजारी नाही. मुलांनी जमायचं, खेळायचं, शाळेच्या पुस्तकात नसलेलं एकमेकांकडून आणि मोठ्यांकडून शिकायचं, अशी बांधलेली जागा. मी शाळामास्तर असूनही सांगतो, अशा जागेची गरज शाळेला असते. शाळा ते कबूल करत नाही.

आता तुमच्या शंका. त्या मला ऐकू येतात, कारण अशा शंका मी स्टाफरूममध्येही ऐकतो.

पहिली : ‘सर, ही तर समाजसेवा झाली, यात कला कुठे आली?’ याचं उत्तर साधं आहे. ओटा पालिकेचा कंत्राटदारही बांधतो. त्याच्या ओट्यावर कुणी क्षणभरही थांबत नाही आणि नलपारपाशी माणसं बसतात, हा जो फरक आहे, तो घडवायला शिल्पकाराची नजर लागते. उंची, कड, सावली, बसल्यावर पाठीला काय लागतं, लांबून आकार कसा दिसतो, याचा विचार करणं हाच शिल्पकाराचा धंदा आहे.

दुसरी शंका जास्त प्रामाणिक आहे : ‘लोकांना विचारत बसलो तर शंभर जण शंभर गोष्टी सांगतील, काम होणार कधी?’ खरं आहे. सांगतील. बोळातल्या घरांना भिंत आपल्या दारात नको असेल, कुणाला तिथे देऊळच हवं असेल, कुणी ‘आधी पाणी तर येऊ द्या’ म्हणून उठून जाईल. त्या उठून जाणाऱ्याचं म्हणणं तर शंभर टक्के बरोबर आहे. हापशाला पाणी नसेल तर भिंतीवरची कोरीव आकृती ही चेष्टा ठरते, आणि कलाकारानं पाणीपुरवठा खात्याची लाज झाकायला जाऊ नये. पण ही भांडणं म्हणजे कामातला अडथळा नव्हे, तेच काम आहे. नवजोत मुंबईहून पुन्हा पुन्हा बस्तरात जात राहिल्या ते यासाठी. एका पाहुण्या दौऱ्यात ‘लोकसहभाग’ उरकता आला असता, तर त्यांनीही उरकला असता.

हे सगळं सोन्याहून पिवळं होतं, असंही नाही. मुंबई-दिल्लीच्या कलाजगतात आजही नाव चालतं ते नवजोत यांचं. शांतीबाई किंवा राजकुमार हे नाव उच्चारल्यावर किती जण मान डोलावतात? शहरातली, इंग्रजी जाणणारी, अनुदानाचा अर्ज लिहू शकणारी कलाकार आणि गावातले कलाकार यांचं पारडं समान कधीच नव्हतं. नवजोत यांचं मोठेपण असं की ही विषमता नाही असा आव त्यांनी आणला नाही. बरोबरच्यांची नावं घेत, तिच्याशी झगडत काम केलं. मला वाटतं तुम्हीही आव आणू नये. नगरसेवक आणि झोपडपट्टीतली बाई समान नसतात, हे तिला पक्कं माहीत असतं. तुम्ही ऐकून घेऊन काही बदललंत की नाही, एवढंच ती बघते.

२०१८ च्या डिसेंबरात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नवजोत यांच्या आजवरच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, नॅन्सी अदजानिया यांनी रचलेलं. ते २०१९ च्या जानेवारीत उतरलं, आणि पाठोपाठ फेब्रुवारीत त्याच इमारतीत चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकरांचं भाषण मध्येच अडवलं गेलं. आठवत असेल, टीव्हीवर गाजलं होतं. ते बोलत होते ते काय? की स्थानिक कलाकारांची सल्लागार समिती मोडीत निघाली आणि निर्णय आता दिल्लीहून होणार. म्हणजे मामला हाच : कुठे काय दिसावं हे ठरवताना तिथल्या माणसांना विचारायचं की नाही. मोठ्या संग्रहालयात जे चाललं त्यावर आपण बोटं मोडली. पण प्रभागातल्या चौकात वेगळं काय चालतं?

चौकाचा विषय निघालाच आहे तर पुतळ्यांचंही बोलतो. जपून बोलतो, कारण पुतळ्यात भावना असतात, माझ्याही आहेत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नाहीत. दोष कुणाचा ते कोर्ट ठरवेल. पण एवढं कळायला कोर्ट लागत नाही की अनावरणाची तारीख आधी आणि काम मागून, असं झालं की धातूही साथ देत नाही. नलपारसारख्या कामात अनावरणाला फार जागाच नसते. पहिला हंडा टेकवला की झालं उद्घाटन.

आणि स्मारक उभंच, उंचच असलं पाहिजे हा कुठला नियम? कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदो यांच्याकडे देशानं असंच एक काम दिलं. फार्क बंडखोरांनी शांतता करारानंतर शस्त्रं खाली ठेवली, ती वितळवून स्मारक करायचं होतं. साल्सेदोंनी उंच खांब उभारला नाही. त्या युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांना त्यांनी बोलावलं, त्यांच्या हाती हातोडे दिले. त्या बायकांनी धातूचे पत्रे ठोकून ठोकून खडबडीत केले, त्यांचे साचे केले, आणि ३७ टन शस्त्रांच्या धातूतून त्या साच्यांत फरशा ओतल्या. बोगोटामध्ये २०१८ पासून लोक त्या फरशांवरून चालतात. बंदुकीकडे मान वर करून बघायचं नाही, तिच्यावर पाय ठेवायचा. ठोकणारा हात ज्यांनी सोसलं त्यांचा. ही कल्पना कुठल्या थ्रीडी चित्रात आधी बसली असती, सांगा.

आपल्याकडे पैसा नाही असं म्हणू नका. २०२२ च्या अखेरीस एकट्या मुंबई महापालिकेनं सुशोभीकरणाचा प्रकल्प काढला तो १,७०० कोटींच्या घरातला. विजेच्या खांबांना रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या, आठवतात ना. मार्गही नाही असं नाही. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ पासून आपल्या कायद्यात आहे. ती किती प्रभागांत भरते ते तुम्ही मला सांगा. पुण्यात नागरिकांनी कामं सुचवायचा सहभागी अर्थसंकल्प २००६ पासून चालू आहे. म्हणजे विचारण्याची यंत्रणा आहे. विचारलेल्याला रूप देणारा कलाकार त्या यंत्रणेत नाही.

माझं मागणं मोठं नाही. वर्षभरातल्या सुशोभीकरणाच्या कामांपैकी एक काम, एकच, चौकातून काढून जिथे माणसं रोज थांबतात तिथे न्या. सार्वजनिक नळ असेल, टँकर थांबतो तो कोपरा असेल, मजूरअड्डा असेल, जिथे पहाटेपासून बिगारी उभे असतात आणि टेकायला दगडही नसतो. कलाकार निवडताना सगळ्यात कमी दराची निविदा हा निकष लावू नका. त्या निकषावर फायबरचा डॉल्फिनच निवडून येतो, दर वेळी. स्वारस्य मागवा, जे. जे. आणि कलामहाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना बोलवा, तुमच्याच गावातल्या कुंभाराला, लोहाराला, गवंड्याला त्यांच्या बरोबरीनं बसवा आणि दोघांचा मोबदला एकाच रकान्यात लिहा. अंदाजपत्रकात बोलण्याच्या महिन्यांचेही पैसे धरा. तुमचे कनिष्ठ अभियंता म्हणतील, डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरसूचीत, ‘बोलणे’ अशी बाब नाही. त्यांना सांगा, घाला.

एक गोष्ट मात्र जड जाईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. काम झालं की पाटी लागते, ‘माननीय अमुक यांच्या संकल्पनेतून व विशेष प्रयत्नांतून’. या कामावर ती लावू नका. हे काम तुमच्या संकल्पनेतून झालेलं नसेल, आणि वस्तीला ते ठाऊक असेल. ज्यांनी रचलं, ज्यांनी घडवलं आणि ज्या बायांनी कोनाड्याची उंची सांगितली, त्यांची नावं लिहा. मतं त्यानं कमी होणार नाहीत. उलट ज्यांची नावं भिंतीवर आहेत, त्या तुमचं नाव आपणहून घेतील.

महाराष्ट्राच्या स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. म्हणून हे पत्र नगरसेविकांनी जरा जास्तच मनावर घ्यावं. सुरुवात करायला ठराव लागत नाही, बजेटही लागत नाही. पाणी सुटायच्या वेळी नळावर जा. माईक नको, कार्यकर्ते नकोत, फोटोग्राफर तर नकोच. एक हंडा स्वतः भरा आणि उचलून बघा. मग शेजारच्या बाईला विचारा की कट्टा किती उंच हवा. तिनं हातानं दाखवलेली उंची टेपनं मोजून वहीत लिहा, आणि ती वही घेऊन त्या फाइलकडे परत या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक चित्रकला शिक्षक